हॅलोवीनची कँडी, दिवाळीचा फराळ आणि रोजचं जेवण: तुमच्याकडे कसं जमवता?

पारिजात (न्यू जर्सी)
२३ ऑक्टोबर २०२४

यंदा नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी आलेत, गुरुवारी ३१ ऑक्टोबरला. सकाळी उटणं, अभ्यंगस्नान, फराळ आणि संध्याकाळी पोरं वेष करून, बादल्या घेऊन दारोदार कँडी गोळा करत. लेक आठ वर्षांची, मुलगा साडेचारचा. दोघांना जायचंच आहे आणि मलाही त्यांना पाठवायचंच आहे. त्या संध्याकाळी सगळी गल्ली बाहेर असते. एरवी नुसती मान हलवणारे पलीकडचे आजोबा पोर्चवर खुर्ची टाकून बसतात, प्रत्येक मुलाला "तू कोण झालास?" म्हणून विचारतात. मला हे मनापासून आवडतं. तेव्हा "जाऊच नका" हा सल्ला कृपया नको.

माझा प्रश्न पुढच्या तीन आठवड्यांचा आहे. गेल्या वर्षी कँडीची पिशवी फ्रिजवर ठेवली होती आणि नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत रोज तीच घासाघीस चालली. शाळेतून आल्यावर एक, गृहपाठ झाला की एक, भाजी संपवली तर एक. भेंडीची भाजी दोघंही एरवी आवडीनं खातात, तीसुद्धा "ही खाल्ली तर किती मिळतील?" या हिशेबात गेली. घरात पोळी-भाजी, वरण-भात, आठवड्यातून दोनदा उसळ असं नीट बसलेलं आहे. ते विस्कटू नये आणि सणाची मजाही जाऊ नये, यासाठी तुम्ही काय करता ते सविस्तर लिहा. मुलांची वयंही लिहा, म्हणजे अंदाज येईल.

स्वच्छंदी
२३ ऑक्टोबर

आमची ९ आणि ११. रात्री दोघं आपापल्या आवडीच्या दहा-दहा निवडून ठेवतात, उरलेली कँडी दुसऱ्या दिवशी आमच्या डेंटिस्टकडे देतो. तिथे ती विकत घेतात आणि सैनिकांना पाठवायला जमा करतात. तिसऱ्या दिवशी घरात विषयसुद्धा नसतो.

नेपरव्हिलकर
२४ ऑक्टोबर

चर्चा आकड्यांवर आणू या. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१६ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी: २ ते १८ वर्षांच्या मुलांना वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण सहा चमचे. दोन वर्षांखाली अजिबात नाही. स्निकर्सच्या छोट्या, 'फन साइझ' बारमध्ये साखर ८ ग्रॅमच्या आसपास असते. तीन बार खाल्ले की दिवस संपला.

आता फराळाकडे या. आमच्याकडे अर्धा किलो बेसनाला ४०० ग्रॅम पिठीसाखर पडते आणि साधारण ३० लाडू होतात. म्हणजे एका लाडवात १३ ग्रॅम साखर. बेसन आहे, तूप आहे, आईच्या हातचा आहे, सगळं मान्य. पण साखर तेवढीच राहते. एक लाडू आणि मूठभर शंकरपाळे सकाळी दिले असतील, तर संध्याकाळच्या कँडीकडे डोळे वटारून बघण्यात अर्थ नाही. मुलांना हा भेद बरोबर कळतो: आपलं गोड चांगलं आणि त्यांचं गोड वाईट. मला तो शिकवायचा नाही.

म्हणून त्या आठवड्यात आम्ही कात्री दुसरीकडे लावतो. फ्लेवर्ड योगर्टऐवजी घरचं दही. सिरियलऐवजी पोहे, उपमा, धिरडी. ज्यूस बंद. शाळेत चॉकलेट दुधाऐवजी साधं दूध. अमेरिकेत आता लेबलवर 'अ‍ॅडेड शुगर्स' ही वेगळी ओळ असते, ती एकदा घरातल्या सगळ्या डब्यांवर वाचा. रोज नकळत जाणारी साखर बघितली की वर्षातून एकदा येणाऱ्या बादलीची भीती बरीच कमी होते. मुलगी १०.

कोकणकन्या
२४ ऑक्टोबर

नेपरव्हिलकर, लाडवाच्या हिशेबाला अनुमोदन.

पारिजात, आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची पद्धत आम्ही पाळतो. त्यांचं मूळ सूत्र जबाबदारी वाटून घेण्याचं आहे. काय वाढायचं, कधी आणि कुठे बसून खायचं, हे आईवडिलांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलानं. हॅलोवीनला त्या म्हणतात, घरी आल्यावर मुलांना कँडी पसरू दे, निवडू दे, हवी तेवढी खाऊ दे. दुसऱ्या दिवशीही तसंच. त्यानंतर ती उचलून ठेवायची आणि जेवणाच्या वेळी एक-दोन आणि मधल्या खाण्याच्या वेळी हवी तेवढी अशी द्यायची. मुलाला हे नियम सांभाळता आले तर पिशवी त्याच्या ताब्यात, नाही तर आपल्या.

याला आधारही आहे. पेन स्टेट विद्यापीठातल्या फिशर आणि बर्च यांनी १९९९ मध्ये लहान मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एक खाऊ समोर दिसेल असा पारदर्शक बरणीत ठेवला आणि थोडाच वेळ मिळेल असं केलं. मुलांचं सगळं लक्ष त्या बरणीकडे, मागणीही त्याचीच. तुमची फ्रिजवरची पिशवी नेमकी तीच बरणी आहे. दिसते, पण मिळत नाही.

मुलगे ६ आणि १२.

टेक्सासतात्या
२४ ऑक्टोबर

दोन दिवस हवं तेवढं? हे मला पटत नाही. माझा पुतण्या अशाच मोकळिकीत रात्री उलट्या करत बसला होता. आणि एवढी साखर पोटात गेल्यावर मुलं घर डोक्यावर घेतात ते कोण सांभाळणार? आमच्या वेळी गोड म्हणजे सणाला, तेही मोजून. त्यात काही वाईट झालं नाही.

कोकणकन्या
२४ ऑक्टोबर

तात्या, साखरेनं मुलं उधळतात हे तपासून झालंय. १९९५ मध्ये बऱ्याच चाचण्या एकत्र करून त्यांचा अभ्यास झाला, त्यात साखरेचा मुलांच्या वागण्यावर परिणाम दिसला नाही. रात्री उशीर, वेशभूषा, मित्रांचा घोळका, अंधारातली धावपळ, याचाच उत्साह असतो तो. पुतण्याचं वाईट वाटलं. पण रिकाम्या पोटी गेला होता का? आमच्याकडे पाच वाजता जेवल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. मुगाची खिचडी, तूप, कढी, पापड. पोट भरलेलं असलं की मुलं चार-सहा कँड्यांवर आपणहून थांबतात. धाकट्यानं एकदा अर्धा किटकॅट परत कागदात गुंडाळून ठेवला होता.

दाढदुखी
२५ ऑक्टोबर

मी मुलांची दंतवैद्य आहे, टोरांटोजवळ. नोव्हेंबरात माझ्याकडे गर्दी असते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तोंडातले जिवाणू, त्यातही स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स, साखर खाऊन आम्ल बनवतात. दाताजवळचा पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधली, म्हणजे दातावरच्या कडक आवरणातली, खनिजं विरघळायला लागतात. लाळ हळूहळू ते आम्ल निवळवते, पण त्याला वीस-तीस मिनिटं, कधी त्याहून जास्त लागतात. आता बघा. एका बैठकीत सहा कँड्या खाल्ल्या तर दातांवर एक हल्ला. तेवढ्याच सहा दुपारपासून रात्रीपर्यंत एकेक करून चघळल्या तर सहा हल्ले. पारिजात, तुमचं "शाळेतून आल्यावर एक, गृहपाठ झाला की एक" हे वेळापत्रक दातांसाठी सगळ्यात वाईट. सॅटर यांचं जेवणाबरोबर देणं मला दंतवैद्य म्हणूनही पटतं, कारण जेवताना लाळ भरपूर सुटते आणि बाकीच्या घासांबरोबर, पाण्याबरोबर साखर धुऊन जाते.

प्रकारानंही फरक पडतो. साधं चॉकलेट लवकर विरघळून निघून जातं. लाफी टॅफी, स्टारबर्स्ट, कॅरमल हे दाढेच्या खाचांत तासन्‌तास बसतात. लॉलीपॉप आणि जॉली रँचर चोखत राहावे लागतात, म्हणजे हल्ला लांबतो. आंबट कँडीत सायट्रिक किंवा मॅलिक आम्ल असतं, ते थेट इनॅमलवर काम करतं. ती खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नका, मऊ झालेलं इनॅमल घासलं जातं. पाण्यानं चूळ भरा, तासाभरानं ब्रश करा. आणि बेदाणे आरोग्याचे म्हणून वाटत असाल तर तेही दाढेत चिकटतातच, चिक्कीही.

रात्री झोपताना फ्लोराइडची पेस्ट हवीच. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांना वाटाण्याएवढी. त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. साडेचार वर्षांच्या मुलाचे दात आईबाबांनी घासायचे, त्याचे हात अजून तेवढे वळत नाहीत.

चार वर्षांखालच्या मुलांच्या हातात गोल कडक गोळ्या आणि शेंगदाणे-बदाम देऊ नका. घशात अडकतात.

गोथेनबर्गकर
२५ ऑक्टोबर

दाढदुखी यांनी लिहिलंय त्याचा मोठा पुरावा स्वीडनचा आहे. १९४० च्या दशकात लुंडजवळच्या व्हिपेहोल्म या संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांवर प्रयोग केले. त्यांना मुद्दाम चिकट टॉफ्या दिल्या, जेवणाच्या मधल्या वेळांत, दात किडतात का ते बघायला. किडले, भयंकर किडले. त्या लोकांची संमती कुणी घेतली नव्हती आणि तो प्रयोग अमानुष होता, हे म्हटल्याशिवाय त्याबद्दल बोलू नये असं मला वाटतं. निष्कर्ष मात्र तोच निघाला: साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा आणि किती चिकट खाल्ली यावर कीड ठरते.

त्यातूनच इथे शनिवारची कँडी रूढ झाली, लोर्दागसगोदिस. शनिवारी दुकानात जायचं, सुट्या कँड्यांच्या खणांतून मुलानं आपल्या हातानं पिशवी भरायची, त्याच दिवशी खाऊन टाकायची. माझी मुलगी सात वर्षांची आहे. सोमवारी ती कँडी मागतच नाही, कारण उत्तर ठरलेलं आहे आणि शनिवार नक्की येणार आहे. रोज वाटाघाटीला जागाच नाही. हॅलोवीनची पिशवीही आम्ही शनिवारांत वाटून टाकतो.

एडिसनची आजी
२५ ऑक्टोबर

मी नाशिकची, सध्या मुलाकडे आले आहे. तुम्ही सगळी मुलं फार छान लिहिता. एक विचारते. आपल्याकडे ताट वाढतो तेव्हा गोड शेवटी आणतो का? डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी आणि त्याच ताटात जिलबी किंवा श्रीखंड. पुरीचा एक घास श्रीखंडाशी, एक बटाट्याच्या भाजीशी. "भाजी संपव, मग श्रीखंड" असं माझ्या आईनं मला कधी सांगितलं नाही आणि मी माझ्या मुलांना सांगितलं नाही. भाजी ही शिक्षा आणि गोड हे बक्षीस, हे मी इथे येऊन पाहिलं.

पारिजात, तू ती कँडी ताटातच वाढ. वरण-भात, भाजी, कोशिंबीर आणि बाजूला ती. मुलाला आधी खायची तर आधी खाऊ दे. एकच वाढलेली आहे, संपली की संपली. मग भूक आहेच, भात आहेच.

आणि विष वगैरे घालतात म्हणतात त्याचं काय? सूनबाई म्हणते घाबरू नका.

दाढदुखी
२५ ऑक्टोबर

आजी, तुम्ही दोन ओळींत सांगितलंत ते मी पानभर लिहूनही सांगू शकले नाही.

नेपरव्हिलकर
२६ ऑक्टोबर

आजी, सूनबाई बरोबर सांगतात. जोएल बेस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञांनी १९५८ पासूनच्या बातम्या धुंडाळल्या. अनोळखी घरातून मिळालेल्या कँडीनं मूल दगावल्याचं एकही सिद्ध झालेलं प्रकरण त्यांना सापडलं नाही. फाटलेलं वेष्टण दिसलं तर टाकून द्यायचं, एवढं पुरे. त्या रात्री खरा धोका गाड्यांचा असतो. मुलांच्या कपड्यांवर चमकणारी पट्टी लावा, हातात टॉर्च द्या.

रानजाई
२६ ऑक्टोबर

माझ्या मुलाला (५) शेंगदाणे, काजू आणि तीळ, तिन्हींची अ‍ॅलर्जी आहे. रीसेस, स्निकर्स तर बादच. पण मोठ्या बारवर चालणारं लेबल छोट्या बारला चालेलच असं नसतं, घटक किंवा कारखाना वेगळा असू शकतो. वेष्टणावर लेबलच नसेल तर ती कँडी आमच्याकडे येत नाही.

दारात मोरपिशी रंगाचा भोपळा दिसला की आम्हाला फार बरं वाटतं. याची सुरुवात टेनेसीत झाली आणि २०१४ पासून 'फेअर' या अ‍ॅलर्जीसंबंधीच्या संस्थेनं ती देशभर नेली. या घरी खाण्याव्यतिरिक्त काहीतरी आहे, अशी ती खूण: स्टिकर, पेन्सिल, बुडबुड्यांची बाटली, अंधारात चमकणारी कांकणं. कँडीच्या वाडग्याशेजारी दुसरा वाडगा ठेवला तरी चालतं. माझा मुलगा त्या दारात जसा हसतो तसा दुसऱ्या कुठल्याही दारात हसत नाही, कारण तिथून मिळालेली वस्तू घरी आल्यावर कुणी काढून घेत नाही. साखर कमी करायची असलेल्यांनाही हे सोयीचं आहे.

आणि एक कळकळीची विनंती. दिवाळीच्या पार्टीत चिवड्यात दाणे, चकलीत तीळ, वड्यांत काजू असतातच. वाडग्याजवळ नुसती चिठ्ठी ठेवलीत तरी माझ्यासारख्या आईला तिथे निवांत बसता येतं.

इन्सुलिनची_आई
२६ ऑक्टोबर

मुलीला (९) टाइप १ मधुमेह आहे. लोकांना वाटतं ती हॅलोवीनला जातच नसेल. जाते. आम्ही कार्ब्स (कर्बोदकं) मोजतो आणि इन्सुलिन देतो. जेवणाबरोबर कँडी घेतली तर तिचा हिशेब जेवणाच्या डोसमध्येच धरता येतो, म्हणून आमच्याकडेही कँडी ताटातच.

स्मार्टीज मात्र सगळ्या तिच्या. अमेरिकेतल्या स्मार्टीज म्हणजे डेक्स्ट्रोजच्या गोळ्या, एका गुंडाळीत ६ ग्रॅम. साखर खाली गेली की १५ ग्रॅम झटपट साखर आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, हा नियम. त्याला त्या अगदी योग्य. चॉकलेट तेव्हा उपयोगाचं नाही, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. दुकानातून गोळ्या आणण्यापेक्षा गल्लीतून गोळा केलेल्या तिला जास्त प्रिय आहेत. वर्षभराचा साठा होतो.

एकच सांगणं. तिच्यासमोर "अरे रे, तुला चालत नाही ना" म्हणू नका. तिला चालतं, मोजून चालतं.

शुद्ध_शाकाहारी
२७ ऑक्टोबर

यातलं शाकाहारी काय असतं? घरी सासूसासरे आहेत, मुलं सगळं एकत्र आणून ओततात.

कोकणकन्या
२७ ऑक्टोबर

जिलेटिन शोधा. ते प्राण्यांच्या कातडीचं आणि हाडांचं असतं. हरिबोच्या अस्वलांत, अमेरिकेतल्या स्टारबर्स्टमध्ये, मार्शमेलोत आणि बहुतेक कँडी कॉर्नमध्ये असतं. सावर पॅच किड्स, स्वीडिश फिश, ट्विझलर्स यांत नसतं. अमेरिकेतल्या स्किटल्समधूनही ते काढून टाकलंय. लाल रंगासाठी 'कार्माइन' लिहिलेलं असेल तर तो किड्यापासून येतो. दर वर्षी लेबल वाचाच, घटक बदलतात. आमची मोठी स्वारी आता घटकांची यादी माझ्यापेक्षा भरभर वाचते. या बहाण्यानं मुलं लेबल वाचायला शिकतात हा मला मोठा फायदा वाटतो.

पारिजात
५ नोव्हेंबर

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः आजींचे. काय केलं ते लिहिते.

गुरुवारी सकाळच्या फराळात दोघांना एकेक लाडू आणि हवा तेवढा चिवडा. शाळेच्या डब्यात गोड नाही. पाच वाजता मटकीची उसळ, भात, काकडीची कोशिंबीर. मग बाहेर. दारात मोरपिशी भोपळा ठेवला होता आणि कांकणांचा वाडगा कँडीच्या आधी संपला, याचं मला नवल वाटलं.

परत आल्यावर गालिच्यावर दोघांनी बादल्या उपड्या केल्या. लेकीनं जातीप्रमाणे ढीग लावले आणि मुलानं रंगाप्रमाणे, त्यामुळे पहिली पंधरा मिनिटं किटकॅट कुठल्या ढिगात जायचा यावरच वाद. मग देवाणघेवाण: दोन ट्विक्सला एक मोठा हर्शी. आमंड जॉय कुणालाच नको, त्यात खोबरं. ते सगळे आजोबांच्या वाट्याला आले आणि ते खूश. स्टारबर्स्टवर जिलेटिन लेकीनंच वाचलं आणि बाजूला काढले. खाण्यापेक्षा हा बाजारच जास्त वेळ चालला. शुक्रवारीही मोकळीक होती, तेव्हा मुलगा तीन खाऊन उठला आणि खेळायला गेला.

शनिवारपासून रात्रीच्या ताटात एक. पहिल्या दिवशी दोघांनीही आधी कँडीच खाल्ली. मी काही बोलले नाही, फार कठीण गेलं. मग पोळी-भाजी खाल्ली, नेहमीएवढीच. काल मुलाची कँडी ताटातच राहिली होती, भातात बोट घालून तो शाळेतलं काहीतरी सांगत होता आणि शेवटी ती परत कँडीच्या डब्यात गेली. शाळेतून आल्यावर आता थालीपीठ किंवा गुळाचा पोळीचा लाडू, कँडीच्या डब्याचं नाव नाही. "भाजी खाल्ली तर किती?" हा प्रश्न अजून तरी आलेला नाही.

एक अडचण उरली आहे. मुलाच्या वर्गात नीट बसलं की बाई कँडी देतात. रोज. त्याचं काय करू?

इन्सुलिनची_आई
५ नोव्हेंबर

बाईंना मेल लिही, तक्रारीच्या सुरात नको. आम्ही एवढंच लिहिलं होतं की घरी आम्ही खाणं बक्षीस म्हणून देत नाही, वर्गात त्याऐवजी स्टिकर किंवा रांगेत पुढे उभं राहायला मिळणं असं काही चालेल का, आणि स्टिकर आम्ही पाठवतो. सोबत दोन पाकिटं पाठवून दिली. बाईंना ते सोयीचंच वाटलं, वर्गात अ‍ॅलर्जीवाली आणखी मुलं होती. शाळेचं वेलनेस धोरणही एकदा वाच, बऱ्याच ठिकाणी वर्गातल्या खाऊबद्दल त्यात लिहिलेलं असतं.

रानजाई
५ नोव्हेंबर

+१. आणि उरलेली कांकणं पाठव. आमच्या वर्गात रांगेत पुढे उभं राहण्यापेक्षा त्यांना भाव आहे.